घोड्याचा चौथा पाय

सारंगखेड्याहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी शहाद्याला लेकाच्या घरी शेंगा निवडत होते. "मोठी आई, बाबा गयात," एवढंच बोलला. मी उरलेल्या शेंगा निवडून संपवल्या, मग रडले. आता पाच आठवडे झाले. शोकसभेत जो उठला तो दिनकरभाऊंना, माझ्या धाकट्या दिरांना, 'घोड्यांचे चित्रकार' म्हणत होता आणि मी पदर पुढे ओढून खाली बघत होते. भाऊंना घोडे काढायचेच नव्हते. पहिला घोडा माझा.

भाऊ शहरात चित्रकला शिकायला गेले तेव्हा तिथे एका जपानी पाहुण्यानं ब्रशनं अक्षरं लिहून दाखवली होती. भाऊंना त्यातलं एकही वाचता आलं नाही, पण हात खांद्यापासून कसा येतो, कुठे थबकतो, कसा उचलला जातो, ते मनात घेऊन आले. गावच्या घोडेबाजाराच्या यात्रेतून घोड्याच्या शेपटीचे केस आणून केरसुणीएवढा ब्रश बांधला. काजळीत डिंक कालवला. कापूस विकला गेला की रिकाम्या खोलीत जमिनीवर कागद पसरायचे, अनवाणी उभे राहायचे, श्वास धरायचे… आणि एकच रेघ. झालं चित्र.

"भाऊ, हाई काय शे?"

"काहीच नही, वहिनी. हात कसा गया, ते शे."

"मंग गया कुठे?" असं म्हणून मी तोंडात पदर कोंबून हसायचे. तेही हसायचे. फक्त एकदा म्हणाले, "रेघ एकदाच. दुसरांदा हात लावा का ती मरस."

मी तेव्हा चोवीस वर्षांची. उशीच्या अभ्र्यांवर पोपट भरायचे, म्हणून कलेतलं मला सगळं कळत होतं.

पुढे भाऊंसाठी मुलीकडचे यायचे ठरले. ओसरीत त्यांची सगळ्यात मोठी रेघ टांगलेली, काळी, वळसा घेऊन वर झेपावणारी. नवरामुलगा भिंतीवर काळं फासतो म्हटल्यावर पोरगी कोण देणार? भाऊ पाव्हण्यांना आणायला स्टँडवर गेले आणि मी काजळी आणि एक बारका ब्रश घेतला. डोळा काढला, कान, शेपूट, पाय. छान घोडा झाला. मी दोन पावलं मागे सरून स्वतःवरच खूश झाले, अगदी पोपटासारखी.

पाव्हणे अंगणात पाय धूत होते. भाऊ आधी आत आले. चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एक पाय राही गया, वहिनी," म्हणाले, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि चौथा पाय स्वतः रेखाटला.

"घोडा झकास शे. कोनी काढा?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"मी," भाऊ म्हणाले.

लग्न जमलं. भाऊंची वरात माझ्या घोड्यावरून निघाली, असं मी गल्लीभर सांगत सुटले. मग यात्रेतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला तंबूवर भाऊंचा घोडा हवा झाला. ते काढत राहिले. कापसाच्या खोलीत कागद पसरलेला मी पुन्हा पाहिला नाही… आणि मला वाटायचं, वहिनीनं दिराला वळण लावलं.

गेल्या हिवाळ्यात भाऊ अंथरुणाला खिळले, तेव्हा धीर करून विचारलं, "भाऊ, तो चौथा पाय का काढा तुम्ही?"

"तीन पायना घोडा देखीसन पाव्हना तुम्हले हसतीन, असं वाटनं."

एवढंच. माफी मागायची होती, ती मागितली नाही. उठून चहा टाकायला गेले.

परवा गावातल्या शाळेतली चित्रकलेची बाई भाऊंच्या घरी तो पहिल्या घोड्याचा कागद प्रदर्शनासाठी न्यायला आली. खाली चिठ्ठीवर काय लिहू, विचारू लागली. 'घोडा' लिहिलंच होतं तिनं. मी खोडायला लावलं. म्हटलं, लिही : रेघ दिनकरची. डोळा, कान, शेपूट आणि तीन पाय वहिनीचे, न विचारता काढलेले.

"आणि हा चौथा, आजी?"

तो त्यांचाच. पण चित्रासाठी नाही काढला, माझ्यासाठी काढला. तेही लिही, म्हटलं, मोठ्या अक्षरात.