फिरसे मास्तरांची करंगळी

आमचे मास्तर डोळे मिटून इंग्रजी ऐकायचे. समोर उभं राहून कोणी उत्तर द्यायला लागलं की ते खुर्चीत मागं रेलायचे, पापण्या खाली यायच्या, आणि बघणाऱ्याला वाटायचं, लागली यांची झोप. उत्तर संपलं की डोळे न उघडता, दिवसभर औत ओढून आलेल्या बैलानं सुस्कारा टाकावा तसं, एवढंच म्हणायचे, "फिर से." म्हणजे पुन्हा सांग. अंबडात त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं. लहानथोर सगळ्यांचे ते फिरसे मास्तर.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे क्लास. एक टाइपरायटर, एक बाक, एक खुर्ची. बाकावर चार पोरं मावायची, पाचवं उंबऱ्यात. तेव्हा निजामाचं राज्य. आमची शाळा उर्दूत, घर मराठीत, आणि ज्या कारकुनीवर आमच्या बापांचा डोळा होता तिची तोंडी परीक्षा इंग्रजीत. औरंगाबादच्या एका मोठ्या कचेरीत ती दरसाल व्हायची आणि साहेब हटकून एकच गोष्ट विचारायचे: हातानं लिहिता का मशीनवर? अक्षर कसंय? बोटं किती वापरता? कारकुनाला दुसरं विचारणार तरी काय! नापास होऊन आलेल्या पोरांनीच हा सवाल मास्तरांच्या कानावर घातलेला. मंग काय, दोन वर्षं आम्ही त्या एकाच सवालाचं उत्तर देत होतो आणि मास्तर ते डोळे मिटून ऐकत होते.

उत्तर ऐकून झालं की मास्तर त्याची चिरफाड करायचे, पण आवाज न चढवता. आवाज चढवायला जी ताकद लागते ती त्यांच्यात नव्हतीच. शहागडचा बबन एकदा छाती काढून म्हणाला, "आय राइट टेन पेजेस डेली, सर." मास्तरांनी एक डोळा उघडला.

"हात दाखव."

बबननं हात पुढं केला.

"रोज दहा पानं लिहितोस, अन् बोटाला शाईचा ठिपका न्हाई? हे बघ बाबा, खरं चुकीचं बोललास तर मला सुधारता येतं. खोटं बराबर बोललास तर मी काय करू? फिर से."

कोणी भडाभडा बोलून मोकळा झाला की म्हणायचे, "शहागडची मोटार सुटून राह्यली का? पाणी पी. फिर से." आणि कोणी फारच अडखळला तर काहीच म्हणायचे न्हाईत. नुसते थांबायचे. त्या थांबण्याचं आम्हाला जास्त भ्या वाटायचं.

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. पूर्वी ते जालन्याला कापसाच्या एका जिनिंगमधे टाइपिस्ट होते. एकदा वजनाची चिठ्ठी आणायला यंत्राजवळ गेले, पट्ट्यात हात सापडला, आणि करंगळी कायमची ताठली. आता मशीनवर ए हे अक्षर नेमकं त्याच करंगळीखाली येतं, आणि इंग्रजीत ए न येता ओळ काही पुरी होत न्हाई. मास्तर शेजारच्या बोटानं ए दाबायचे, त्यासाठी दर खेपेला हात उचलून बाजूला न्यावा लागायचा. मालकांनी वर्षभर बघितलं, मंग सरळ बोटांचा दुसरा माणूस आणला. हे त्यांनी रडगाणं म्हणून कधी सांगितलं न्हाई. नमुन्याचं उत्तर म्हणून सांगितलं: "माय लेफ्ट लिटल फिंगर इज वीक, सर. सो आय टाइप स्लोली. बट माय हँडरायटिंग इज क्लीन." आणि अक्षर खरंच असं होतं की त्यांनी लिहिलेला अर्ज फेटाळताना साहेबालाही जिवावर येत असेल.

माझं सांगायचं तर मला अभ्यासापेक्षा नकला बऱ्या जमायच्या. तहसीलचा चपराशी, कासारीण, आमच्या मावशीची कोंबडी, सगळी माझ्या घशात राहायला होती. पण सगळ्यांत जास्त मागणी मास्तरांना. एकदा ते आत पाणी प्यायला गेले तसा मी त्यांच्या खुर्चीत बसलो. मान मागं, डोळे बंद, करंगळी वर, आणि खोकून म्हणालो, "फिर से." पोरं लोटपोट. मंग एकाएकी सगळी गप्प झाली. मी डोळे उघडले तर मास्तर दारात.

"बरी केलीस," ते म्हणाले. "पण खोकताना मी मान डावीकडं वळवतो. तू उजवीकडं वळवलीस. फिर से."

करायला लावली त्यांनी! तीनदा. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "आता बराबर," आणि मला खुर्चीतून उठवून स्वतः बसले. तेव्हापासून मी त्यांचा नकल्या.

पण घोटाळा पुढंच होता. मला इंग्रजी आलं ते मास्तरांच्या तोंडाकडं बघून. शब्द आले ते त्यांच्या सुस्काऱ्यासकट आले, खोकल्यासकट आले. उत्तर द्यायला उभा राहिलो की माझ्या तोंडून मास्तरच बोलायचे. मशीनवर बसलो तरी माझी धडधाकट करंगळी आपोआप वर उभी. व्याकरण बिलकुल साफ, पण मास्तरांचं समाधान काही होईना.

"हे उत्तर माझंय," ते म्हणायचे. "तुझा हात काय म्हणतो?"

"माझा हात काय म्हणणार मास्तर, त्याला इंग्रजी येत न्हाई."

पोरं हसली. मास्तर हसले न्हाईत. डोळे चोळत म्हणाले, "थकलो रे नकल्या. बारा पोरं धाडली, बाराच्या बारा वापस आली. आता लोक म्हणून राह्यले, फिरसे मास्तरचं पोरगं औरंगाबाद बघून येतं, बस. तू तरी तिथं तुझं तोंड घेऊन जा."

मला जायचंच होतं. त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी माझे वडील, बापू, आमच्या गावाहून, कुंभार पिंपळगावहून, आल्ते. माझ्यासमोर बसून तंबाखू मळत म्हणाले, "दोन साल झाले मावशीच्या घरचं खाऊन राह्यलास. ह्या खेपेला लागलास तर ठीक. न्हाई तर सामान गाडीत टाक अन् चल. औताला माणूस पाहिजेच हाय." बापू कधी दोनदा सांगायचे न्हाईत.

औरंगाबादच्या त्या कचेरीत शेरवानीतले एक साहेब बसले होते. सवाल तोच आला. माझ्या पोटातलं पाणीसुद्धा हललं न्हाई. सुस्कारा टाकला, मान डावीकडं वळवून खोकलो आणि सुरू झालो: "माय लेफ्ट लिटल फिंगर इज वीक, सर..." अख्खं उत्तर, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई.

साहेब पुढं वाकले. "शो मी."

मी हात पुढं केला. करंगळी सरळ, गोरीगोमटी, दोन दिवसांपूर्वी उसाचं कांडं मोडलेली. साहेबांनी ती दोन बोटांत धरली, वाकवली, सोडली. आणि माझ्याकडं बघत बसले. तेवढ्यात मला बापूंची गाडी दिसली, बैल दिसले, आणि बबनचा बिनशाईचा हात दिसला.

मंग माझ्या तोंडून जे निघालं ते मास्तरांचं नव्हतं. त्यात अर्धी क्रियापदं गायब होती. "सर, फिंगर इज माय टीचर्स. आन्सर ऑल्सो टीचर्स. माय हँडरायटिंग बॅड. व्हेन टीचर नॉट लुकिंग, आय टाइप विथ टू फिंगर्स." आवाज फाटला. माझा खरा आवाज असा फाटका आहे हे मलाही तिथंच कळलं.

साहेब एवढे हसले की चपराशी आत डोकावला. त्यांनी माझ्यापुढं कागद सरकवून चार ओळी लिहून घेतल्या, चार मशीनवर काढून घेतल्या. अक्षर बघून तोंड वाकडं केलं आणि उर्दूत म्हणाले, "कम से कम अपना तो है."

अंबडला आल्यावर मास्तरांना सांगायची हिंमत होईना. त्यांची करंगळी मी साहेबापुढं उघडी पाडलेली. शेवटी सांगितलं. मास्तर खुर्चीत रेलले, डोळे मिटले.

"काय बोललास ते बोल. जसंच्या तसं."

मी बोललो. क्रियापदं नव्हती तिथं नव्हती. आता येणार, येणार म्हणून थांबलो, पण "फिर से" काही आलं न्हाई. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाच चुका. जा घरी."

तीन आठवड्यांनी हुकूम आला. मी लागलो. हुद्दा काय, तर नकलनवीस, म्हणजे कचेरीतल्या कागदांच्या नकला उतरवणारा. हुकूम वाचून मास्तर हसले. त्यांना हसताना मी तेवढंच एकदा बघितलं. हसून हसून खोकला लागला. डावीकडं वळून.

औरंगाबादला गेल्यावर वर्षाभरानं त्यांचं एक कार्ड आलं. मशीनवर काढलेलं, इंग्रजीत. पण जिथं जिथं ए पाहिजे तिथं मशीननं जागा कोरी सोडलेली आणि तिथं टाकानं, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात, एकेक ए भरलेला. शेजारचं बोटही आता तिथवर जात नसावं. मजकूर दोन ओळींचा: हातानं लिहितोस का मशीनवर? इंग्रजीत उत्तर पाठव, तुझं.

आज लिहू, उद्या लिहू करत मी दोन महिने काढले. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला करून आलं की टाक हातात धरवत नव्हता. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बसलो आणि चार पानं लिहिली, हातानं. दिवाळीला अंबडला गेलो तर क्लासच्या दाराला कडी होती. मागच्या दारी मास्तरीणकाकू भेटल्या. म्हणाल्या, "महिना झाला बाबा त्यांना जाऊन. तुझं पत्र आल्तं तेव्हा पडूनच होते. मला म्हणले, लाल पेन्सिल दे."

ती चार पानं काकूंनी मला वापस दिली. पहिल्या पानावर लालच लाल. दुसऱ्या पानावर, मधोमध, मी लिहिलं होतं की मशीनवर बसलो की माझी करंगळी अजून वर उभी राहते, हेडक्लार्क रोज ओरडतो, आणि ती काही खाली येत न्हाई. त्या ओळीखाली थरथरती लाल रेघ आहे, आणि कडेला मराठीत लिहिलंय: "ही माझी आहे. वापस कर."

पुढच्या अडीच पानांवर एकही खूण न्हाई. चुका आहेत. मला आता दिसतात.