अळणी ताट

मीठ सोडल्याचं मी तेव्हा ऐटीत सांगत असे. स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती. नवीन लग्न, मुलुंडला चाळीत एक खोली, पूर्वेला मिठागरं. मला पित्ताचा त्रास. कचेरीतल्या एका गृहस्थांनी निसर्गोपचाराचं वेड लावलं. धान्य बंद, मीठ बंद. उकडलेला दुधी, काकडी, पातळ ताक. शरीर आतून धुऊन निघतं म्हणाले. मला ते पटलं, आणि पटण्यापेक्षाही मिरवायला आवडलं.

बायको कोकणातली. आमच्याकडे रीत अशी की नवऱ्याचं जेवण झालं की त्याच ताटात बायकोने वाढून घ्यायचं. ती माझंच अन्न खाऊ लागली. मी तिला विचारलंही नाही. माहेराहून आणलेला सुकटाचा डबा तिने शेजारच्या काकूंना देऊन टाकला. तिलाही पटलंय, असं मी धरून चाललो.

आता जे कधी कुणापाशी बोललो नाही ते. आठवडाही निघाला नाही माझ्याच्याने. दुपारी कचेरीतून निघायचं, फोर्टातल्या इराण्याकडे कोपऱ्यातलं टेबल धरायचं आणि आम्लेट-पाव हाणायचा. संध्याकाळी घरी येऊन तपस्व्याच्या चेहऱ्याने दुधी गिळायचा. उरलेला ती खायची.

उन्हाळ्यात ती नळावर चक्कर येऊन पडली. काकूंनी मला धारेवर धरलं. "अहो, पोरीला वाळत घातलीत की काय? वाऱ्याने उडेल एक दिवस!"

डॉक्टर आले. त्यांनी तिच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली.

"काय जेवता?"

"हे जेवतात तेच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "मग हे बरे गुटगुटीत!"

तेव्हा सांगायला हवं होतं. तिचा जीव जात होता आणि मला माझ्या अब्रूची पडली होती. मी म्हणालो, "प्रकृती-प्रकृतीचा फरक असतो, डॉक्टर." ती भिंतीकडे बघत होती.

"फरकबिरक ठेवा बाजूला," ते म्हणाले. "भात, वरण, पालेभाजी, भाकरी, जमेल तेव्हा मासळी. थोडं थोडं, पण रोज आणि वेळेवर. आणि मीठ घाला हो, मुलुंडात राहता!"

एवढंच औषध. त्याला ना चमत्कार ना मिरवणं. गळलेले केस परत यायला वर्षाच्या वर गेलं. तिच्या नखांना रंग आला, मग हंडा उचलताना हात थरथरायचा थांबला. तेच साधं जेवण मीही जेवू लागलो, इराणी सुटला, आणि पित्तही कधी गेलं ते कळलं नाही.

पण वेळेवर म्हणजे माझी वाट न पाहता. तिने स्वतःचं ताट वेगळं केलं. मी कचेरीतून येईतोवर ती जेवून शिवण घेऊन बसलेली असे. जेवता जेवता मी कचेरीतलं काहीबाही सांगायचो. ती "हं" म्हणायची. हात लांबवला तर पोचेल एवढ्याशा खोलीत मी रोज एकटाच जेवत होतो.

बऱ्याच वर्षांनी, एका सुट्टीच्या दुपारी, ती मेथी निवडत असताना मी सगळं सांगून टाकलं. इराणी, आम्लेट, सगळं.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "घरी यायचात तेव्हा तुम्हाला भूक नसायची."

"अगं, मग तू का नाही चोरून काही करून खाल्लंस?"

"चोरून? या एका खोलीत? घरात दाणा तरी येत होता का?" तिने मान वर केली. "तुम्हाला जायला फोर्ट होता. मी कुठे जाणार होते जेवायला?"

रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा मेथीकडे वळली.

"आज मला लवकर जेवायचंय," निवडलेली मेथी उचलत म्हणाली. "तुम्ही तुमचं घ्या वाढून."