मोहाला मारलेले दोन पट्टे

एका शनिवारी, कुणी सांगितलेलं नसताना, मी अख्ख्या रानाला मरणाची शिक्षा सुनावून आले. तीही अगदी सरळ रेषेत, कारण अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवून नुकतीच रिटायर झाले होते आणि हाताचं वळण अजून गेलं नव्हतं. वय अठ्ठावन्न. म्हणजे पोरवयच.

बारवी धरणाच्या वाटेवर एक राखलेलं रान आहे. बदलापूरची आम्ही पाच-सहा जणं दर रविवारी तिथे कामाला जायचो. पूर्वी कुणीतरी लावलेली उंदीरमारीची झाडं तिथे भलती माजली होती, त्यांच्याखाली दुसरं काही उगवेना. म्हणून तोडायच्या झाडांना गेरूचा पट्टा मारायचा, असं ठरलं. हे ठरत होतं तेव्हा मी माझ्या थालीपिठांचं कौतुक ऐकत होते.

मला दिसलं ते इतकंच, की काही झाडांना पट्टे आहेत नि काहींना नाहीत. अर्धवट काम! आमच्या सोसायटीत बघा, गेटपासून टाकीपर्यंत एकूण एक झाड गेरू-चुन्यात नटलेलं. झालं, सोसायटीचा उरलेला गेरू रिक्षात घातला आणि एकटीने वाटेच्या दोन्ही बाजू रंगवून काढल्या. ऐन, कुंभा, मोह, कुणाला म्हणून वगळलं नाही. मोहाला तर दोन पट्टे, तो थोराड म्हणून.

रविवारी ऐटीत पोचले, तर मोहावर कुऱ्हाडीचा एक घाव बसलेला आणि पाड्यावरची बाई खोडाला पाठ लावून उभी. रानाची राखण तिच्याकडे. याच मोहाची फुलं तिची सासू वेचायची, आता ती वेचते.

"खूण हाय ना," कुऱ्हाडवाला म्हणाला. "दोन-दोन हायत!"

"खूण घाल चुलीत! मोह हाय यो. कोनी रंगवला?"

वर्गात मुलं करायची तसा मी हात वर केला. नखांत गेरू होताच.

ती हसून सोडून देईल असं वाटलं होतं. तिने बादली आणि नारळाचा काथ्या माझ्या हातात कोंबला. "धू आता."

ओढ्यातून पाणी आणायचं, खोड घासायचं. ती पुढे, मी मागे. उंदीरमारी आली की म्हणायची, "हिला नको." ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, भेगाभेगांत गेरू बसलेला. घरी कामवालीला भांड्यावरचा एकेक डाग दाखवणारी मी, आणि ही बोट ठेवून मला सांगतेय, "इथं ऱ्हायला."

मोहाच्या जखमेवर तिने शेण-माती लिंपली. आता तो घाव सालीत मिटलाय, बोट फिरवलं तरच कळतो. पण तेव्हा माझा जीव अर्धा झाला होता. निघताना घाबरत विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ ना गं मी?"

तिने आधी मोहाकडे पाहिलं, मग माझ्या लाल हातांकडे.

"ये की बाय. थालीपीठ आन. दुसरा काय बी हातात घेऊन येऊ नको."