खालच्या पट्टीतली गिटार

कापड गिरणीत सुपरवायझर होती तेव्हा तिला सगळे 'भोंगा' म्हणायचे. मागांच्या खडखडाटात वरच्या पट्टीत ओरडल्याशिवाय कुणाला ऐकूच जायचं नाही, आणि तीच पट्टी तिने घरीही आणली. नुसतं "चहा झालाय" म्हटलं तरी शेजारची दारं उघडायची. तिचा आवाज चढला की नवरा गुपचूप गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

निवृत्त झाल्यावर तिला लग्नाआधी सुटलेली बारा तारांची गिटार आठवली. बोटं आखडली होती, ओरडून ओरडून आवाज कायमचा बसला होता, पण हौसेला मोल नसतं. गिटारीला मात्र असतं. दुकानदाराने तिला परवडेल अशी एक काढून दिली आणि खरं ते सांगून टाकलं.

"काकू, बारा तारांचा ताण फार. स्वस्तातल्या गिटारीची मान वाकते. ही एक सूर उतरवूनच लावा. वरच्या पट्टीत ताणलीत तर टिकायची नाही."

"हे हिला तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंत," मागून नवरा पुटपुटला.

तिने वळून पाहिलं. जिभेवर आलेलं उत्तर तिने गिळलं आणि गिटार उचलली.

घरी तिने तारा उतरवून लावल्या आणि एक जुनं गाणं धरलं. बसलेला आवाज त्या खालच्या सुरात असा चपखल बसला की तीच दचकली.

नवरा सवयीने आधीच गॅलरीत जाऊन उभा होता. तो आत आला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.