छप्पर काढलेल्या घराचा इतिहास

स्कॉटलंडमधल्या एका पडक्या हवेलीचा सबंध इतिहास मी बहरीनमध्ये बसून टाइप केला आहे. ती हवेली मी कधी पाहिली नाही आणि पाहायची इच्छाही नाही. पण तिच्या दिवाणखान्याला किती खिडक्या होत्या ते एकेकाळी मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर एका शिपिंग कंपनीचं ऑफिस होतं आणि तिथे मी साहेबांची सेक्रेटरी होते. वसईची मुलगी, शॉर्टहँड चांगलं, टायपिंग त्याहून चांगलं, लग्न ठरलेलं. साहेब स्कॉटिश. राहायचे अदलियात, कंपनीच्या बंगल्यात, कंपनीच्या एसीत, कंपनीच्या स्वयंपाक्याच्या हातचं खाऊन. पण टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी हवेलीचा मोठा फोटो लावला होता, आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते सांगायचे, "हे आमचं घर."

फोटोत चार भिंती होत्या, दोन टोकांना दोन मनोरे होते आणि वर आभाळ होतं. छप्पर नव्हतंच. दिवाणखान्यातून एक झाड वाढून खिडकीबाहेर आलं होतं. खाली मेंढ्या चरत होत्या, त्यातली एक तर सरळ मुख्य दरवाजातून आत चालली होती. बडा घर पोकळ वासा म्हणतात आपल्याकडे. इथे वासाही शिल्लक नव्हता, तरी तोरा असा की समोरच्या अरब व्यापाऱ्याने उठून सलाम करावा.

साहेबांना या घराचा ग्रंथ लिहायचा होता. ऑफिस दुपारी एकला बंद होऊन चारला पुन्हा उघडायचं. चारनंतर जहाजांची पत्रं फारशी नसायची, मग साहेब खुर्ची मागे कलवायचे, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचे. मी पेन्सिल चालवायची. ओव्हरटाइम वगैरे शब्द काढायचा नाही, कारण हे काम नव्हतं, हा म्हणे माझा सन्मान होता.

इतिहास असा. साहेबांचे कुणी पूर्वज मुंबईला आले, कापसाच्या धंद्यात गब्बर झाले आणि परत जाऊन त्यांनी एक अख्खी टेकडी विकत घेऊन तिच्यावर ही हवेली बांधली. टेकडीच्या पायथ्याशी एक वस्ती होती. तिथल्या चुलींचा धूर दिवाणखान्यातून दिसायचा आणि देखावा बिघडायचा, म्हणून ती वस्ती उचलून टेकडीपलीकडे नेली. साहेब हे अशा प्रेमाने सांगायचे की जणू पूर्वजांनी त्या लोकांना हवापालटाला पाठवलं होतं. मग ओढा अडवून तळं केलं. तळ्यात हंस आणले, ते थंडीने मेले, मग दुसरे आणले. लांबून दिसायला बरा म्हणून टेकडीच्या माथ्यावर एक बुरूज बांधला, तोही मुद्दाम पडका. मी पेन्सिल थांबवून विचारलं, "सर, पडका बुरूज नवा बांधला?" साहेब म्हणाले, त्या काळी तशी अभिरुची होती. आमच्या वसईच्या किल्ल्यात पडके बुरूज आणि पडकी चर्चेस पैशाला पासरी आहेत, त्यांत बकऱ्या चरतात, आणि आम्ही त्यांच्याबद्दल कुणाला चार वाजता डिक्टेशन देत नाही.

घराच्या आसपासचं वर्णन तर संपता संपत नसे. कुंपणाच्या भिंतीवरचं शेवाळ, रस्त्याच्या दुतर्फा मुंबईच्या पैशाने लावलेली झाडं, रानभर माजलेली जांभळ्या फुलांची झुडपं, धुकं, पाऊस, पुन्हा धुकं. इथे बाहेर गल्लीतली धूळ खिडकीच्या फटीतून येऊन माझ्या कार्बन पेपरवर बसायची आणि मी टाइप करायचे, "सकाळच्या दवात न्हालेली हिरवळ". टेकडीच्या फाटकापाशी दोन खोल्यांची चौकीदाराची झोपडी होती, तिच्यात साहेबांची थोरली बहीण राहायची. तिच्याबद्दल मात्र साहेब याहून जास्त एक वाक्यही सांगत नसत.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझं लग्न त्या घरापायी अडलं होतं.

आम्हां सगळ्यांचे पासपोर्ट साहेबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायचे. तशी पद्धतच होती, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. रजा मंजूर झाली की पासपोर्ट हातात पडायचा. आदल्या वर्षी लग्नाची तारीख धरली, तर साहेब म्हणाले, पूर्वजांचं प्रकरण अर्धवट आहे, पुढच्या वर्षी जा. मी रडतरडत घरी कळवलं. या वर्षी तारीख पुन्हा धरली होती, उपवासकाळाच्या आधीची. राखेचा बुधवार उजाडला की ईस्टरपर्यंत आमच्यात लग्नं लागत नाहीत. त्यात होणाऱ्या सासूबाईंनी गावाकडून निरोप पाठवला होता, तोही स्पष्ट: मुलगा काही जन्मभर थांबणार नाही, या खेपेला मुलगी आली नाही तर आम्ही दुसरीकडे बघू. त्यांना मी काय म्हणून नावं ठेवू? मुलगी परदेशात, पगार दिनारमध्ये, आणि सांगते काय, तर साहेबांचं पुस्तक व्हायचंय. कुणाचा विश्वास बसेल?

साहेबांपुढे विषय काढला की ते मान डोलवून म्हणायचे, "इंशाल्ला." हा शब्द त्यांनी इथे उचलला होता. अरब माणूस तो देवावर भरवसा ठेवून म्हणतो. साहेब स्वतःवर भरवसा ठेवून म्हणायचे.

माझ्याबरोबर खोलीत एक नर्स राहायची, माझ्याच गावची. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून परत येताना ती वैतागून म्हणाली, "अगं, पासपोर्ट तुझा, नवरा तुझा, मग वाट कसली बघतेस? त्याच्या घरावर छप्पर चढायची?" मी म्हटलं, "रागावला तर व्हिसा कॅन्सल करेल." ती म्हणाली, "मग बस टाइप करत. जन्मभर."

जानेवारीत साहेबांची बहीण बहरीनला आली, थंडी टाळायला. साठीची, उंच, दोन विटकी स्वेटरं एकावर एक घातलेली, पायात चिखलाचे बूट. बहरीनमध्ये चिखल कुठून आणला, देव जाणे. बंगल्यात कंटाळा यायचा म्हणून ती सकाळी ऑफिसात येऊन बसायची आणि चहा प्यायची. एका सकाळी साहेब बंदरावर गेले होते. तिने माझ्या टेबलावरचे कागद उचलले आणि आदल्या दिवशी सांगितलेलं शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. त्यात वादळी रात्र होती, मनोऱ्यावर वीज कोसळत होती, छप्पर पेटून खाली येत होतं आणि साहेबांचे वडील भर पावसात टोपी काढून उभे होते.

"वीज?" ती म्हणाली. "कसली वीज?"

मी म्हटलं, "छपरावर पडलेली."

ती इतकी हसली की बशीत चहा सांडला. मग तिने सांगितलं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरावरचा कर भारी झाला होता. पण छप्पर असेल तरच घर, आणि घर असेल तरच कर, असा तिकडचा कायदा. तेव्हा वडिलांनी माणसं लावून छप्पर उतरवलं. वरचं शिसं विकलं, दगडी पाट्या विकल्या, तुळया विकल्या. "माणसं ओळीने उभी राहून पाट्या खाली द्यायची," ती म्हणाली. "त्यांचा चहा मीच करत होते. पाऊस नव्हता. छान ऊन पडलं होतं."

हसू ओसरल्यावर तिने बशीतला चहा परत कपात ओतला. नंतर म्हणाली, "माझं लग्न ठरलं होतं. गुरांचा डॉक्टर होता. वडील म्हणायचे, लग्न या घरातूनच लागेल, जरा घर नीट होऊ दे. मी थांबले. दरवर्षी घर नीट व्हायचं होतं. मग छप्परच गेलं. तो कॅनडाला गेला."

तिची नजर माझ्या साखरपुड्याच्या अंगठीवर गेली. तिने विचारलं, "तुझं कधी आहे?" मी सांगितलं, तारीख, राखेचा बुधवार, सासूबाई, ड्रॉवर, सगळं. उपवासकाळात का चालत नाही, ते काही तिला कळेना. "चर्चमध्ये जायचं, सही करायची, झालं."

"बँड वाजवता येत नाही ना तेव्हा," मी म्हटलं. "वसईत बँडशिवाय लग्न केलं तर लोक म्हणतील, पळून गेली."

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणतात. या घराण्याने घर पाहिलं मोडून, आणि लग्नं पाहिली अडवून. एकीचं अडवून झालं होतं, आता दुसरीची पाळी होती. रात्रभर माझ्या डोक्यात हेच फिरत राहिलं आणि सकाळपर्यंत माझी भीती जाऊन नुसता संताप उरला.

दुसऱ्या दिवशी चारला साहेब खुर्ची कलवून डोळे मिटायच्या आत मी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. शेवटचं प्रकरण मी माझं मीच टाइप केलं होतं. "छपरावर कर होता. मालकांनी छप्पर उतरवून विकलं. इतिहास समाप्त." त्याखाली रजेचा अर्ज ठेवला होता.

साहेब लाल झाले. "हे कुणी सांगितलं तुला?"

"मी," कोपऱ्यातून बहीण म्हणाली. ती त्या दिवशी चारलाही आली होती आणि चहा ढवळत होती.

"इतिहास असा संपवत नाहीत," साहेब म्हणाले.

"संपला, सर," मी म्हटलं. "खलास. आता माझा पासपोर्ट द्या."

साहेब बहिणीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग म्हणाले, "पक्की प्रत झाली की. इंशाल्ला." तेव्हा बहीण उठली, ते बूट वाजवत टेबलामागे गेली आणि तिने सरळ ड्रॉवर ओढला. तो सहज उघडला. इतके दिवस ज्या ड्रॉवरपायी माझी झोप उडाली होती, त्याला साधं कुलूपही नव्हतं. तिने पासपोर्ट चाळले, माझा फोटो शोधला आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. साहेबांनी अर्जावर सही केली. मोठ्या बहिणीपुढे त्या मनोऱ्यांच्या वारसाला तोंड उघडता आलं नाही, एवढीच काय ती मर्दुमकी.

राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी माझं लग्न लागलं. नवरीच्या न्हाणासाठी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला बँड वाजत गेला. सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या, सुनेला साहेब सोडतच नव्हता, इतकी हुशार आहे.

पुढे नवऱ्याला बहरीनमध्ये नोकरी लागली आणि आम्ही तिथेच संसार थाटला. साहेब रिटायर होऊन मायदेशी गेले. सौदीकडे जाणारा पूल झाला त्या सुमारास मला टपालाने एक जाडजूड पुस्तक आलं. वेष्टनावर साहेबांचं अक्षर होतं. मी आधी शेवटचं प्रकरण काढलं. वीज पडली होती. वडील टोपी काढून उभे होते.

मला हसू आलं, नवऱ्याला वाचून दाखवायला मी हाक मारली. पुस्तकाच्या अखेरीस घराण्याची वंशावळ होती. साहेबांच्या नावाखाली त्यांच्या हुद्द्यांनी अर्धं पान भरलं होतं. शेजारी बहिणीचं नावही नव्हतं. फक्त लिहिलं होतं, "एक कन्या, अविवाहित."

नवरा म्हणाला, "सोड ना, त्यांचं घर, ते बघतील." मला सोडवेना. मेलेल्या हंसांना त्या पुस्तकात दोन पानं होती, मी स्वतः टाइप केली होती. अविवाहित म्हणे. ती कुणासाठी थांबली होती आणि तिला कुणी थांबवलं, ते लिहायला शाई महाग झाली होती का? ती ओळ टाइप करायला त्या दिवशी मी तिथे नव्हते, म्हणून ती तशीच छापली गेली.