चुकोबांचं लँडिंग

बहुतेकांना पगार मिळतो तो काम बरोबर केल्याबद्दल. आमच्या चुकोबांना मिळायचा तो चुकल्याबद्दल. आणि चुकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना वेंधळा समजाल आणि मला राग येईल. आमचं काम वैमानिकांना शिकवण्याचं. त्यातही ज्यांना सगळं येतं अशांना शिकवण्याचं, आणि ते किती जिवावर येतं ते माझं मला ठाऊक. आमच्याकडे दोन कोर्स चालतात. एक ढगात उडण्याचा, म्हणजे काचेबाहेर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नसताना समोरच्या काट्यांवर आणि आकड्यांवर भरवसा ठेवून विमान खाली आणण्याचा. दुसरा चेक पायलटचा. चेक पायलट म्हणजे वैमानिकांचा परीक्षक. तो पाठीमागे बसतो, बघतो, आणि हा माणूस लोकांना घेऊन वर जायला लायक आहे की नाही ते सांगतो.

आता परीक्षक घडवायचा तर त्याच्यासमोर चुकणारा वैमानिक बसवायला हवा. पण आमच्याकडे येणारे सगळे नावाजलेले. त्यांना 'जरा चुका' म्हटलं, की हौशी नाटकातल्या दारुड्यासारखे चुकायचे. आंधळ्यालाही कळावं असं. म्हणून चुकोबांना नेमलं. ते पूर्वी मोठे कॅप्टन होते. त्यांच्या चुका अगदी खऱ्या वाटायच्या. वेग हळूच कमी होऊ द्यायचा आणि त्याच वेळी शेजारच्याशी इतक्या शांतपणे बोलायचं, की परीक्षकाने बोलण्याकडे बघावं, काट्याकडे नाही. "हुशार माणूस जसा चुकतो तसं चुकायला हवं, मास्तरीणबाई," असं मला सांगायचे. मला ते मास्तरीणबाईच म्हणायचे. मी त्यांना तोंडावर चुकोबा म्हणायची, आणि त्यांनाही ते आवडायचं.

आमचं सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर उभी असलेली खोली. एका छोट्या पुलावरून आत जायचं, पूल मागे सरकतो, मग खोली डुलायला लागते आणि आपण आकाशात आहोत हे पोटाला पटतं. पुढे वैमानिकांच्या दोन खुर्च्या, मागे एक परीक्षकाची आणि एक माझी. माझ्यासमोर बटणं. एक दाबलं की पाऊस, दुसरं दाबलं की इंजिन बंद. कंट्रोल टॉवरही मीच, आणि केबिनमधून घाबरून फोन करणारी एअर होस्टेसही मीच. तो आवाज मला अजिबात शोभत नाही, हे चुकोबांचं ठाम मत होतं.

परीक्षकांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: "खाकरायचं नाही." कारण चांगल्या माणसाला समोरचा चुकताना बघवत नाही. बोलायची तर बंदी. मग तो घसा साफ करतो, खुर्चीत हलतो, पेन टकटकवतो. समोरचा सावध होतो आणि पास होतो. "तुम्ही आज खाकरलात, पण उद्या ढगात त्याच्यामागे कोण खाकरणार आहे?" हे म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. एरवी मऊ माणूस.

रोज संध्याकाळी मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडायची, कारण वाटच ती. त्यांच्या घरी वहिनी दार उघडतानाच विचारायच्या, "आज काय काय चुकलं?" आणि चुकोबा बूट काढता काढता सगळं सांगायचे, धावपट्टी सोडून भलतीकडे वळलो, चाकं काढायला विसरलो. वहिनी हसायच्या. म्हणायच्या, "घरात मात्र एकही चूक कबूल करत नाहीत." पण वरून विमान गेलं की ह्यांचा घास हातातच थांबायचा. आवाज विरेपर्यंत वहिनीही थांबायच्या, वाढायला घेतलेला चमचा तसाच धरून. मग दोघं जेवायला लागायची. मी त्यांच्याकडे जेवले तेव्हा दर वेळी हे पाहिलं, आणि दर वेळी ताटात बघत राहिले.

त्यांचं दुखणं मला एकदाच कळलं, तेही गाडीत, सिग्नलला थांबलो असताना. वैमानिकाची डॉक्टरी तपासणी वरचेवर होते. अशाच एका तपासणीत डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, मग परत काढला, आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. कागदावर लिहिलं, 'उड्डाण तूर्तास बंद'. त्या तूर्तासला आता दहा-अकरा वर्षं झाली होती. 

"बंद झालं त्याचं एवढं नाही हो," ते म्हणाले. "पण आधीच्या संध्याकाळी मी विमान आणलं ना, ते उतरवलं नव्हतं मी."

दोन वैमानिक असले की वाटणी असते. जाताना एकाने उडवायचं, येताना दुसऱ्याने. त्या दिवशी जाताना ह्यांनी उडवलं. येताना शेजारी एक तरुण मुलगी होती, नवीन लागलेली. घरच्या धावपट्टीवर ढग खाली आलेले. नियमाप्रमाणे ह्यांना विमान स्वतःकडे घेता आलं असतं. पण मुलगी चांगली उडवत होती, म्हणून दिलं. तिने सुरेख उतरवलं. हे शेजारी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. 

"शेवटचं आहे हे माहीत असतं, तर दिलं नसतं," ते म्हणाले. "खरं सांगतो. एवढा मोठा नाही मी." 

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवायला लागला आणि मी त्याच्यावर नको इतकी ओरडले.

त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. रोज त्या डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसायचे, हात शिवशिवत असणार, आणि रोज ठरवून चुकायचे. मी कधी म्हटलं, "एकदा उतरवून घ्या की नीट, कोण बघतंय," तर म्हणायचे, "ड्युटीवर आहे मी."

मग आमचं सिम्युलेटर ज्या जातीच्या विमानाचं होतं, ती विमानंच कंपन्यांनी काढून टाकली. आमचं सिम्युलेटरही विकलं गेलं. सुटं करून न्यायला माणसं येणार असं ठरलं. त्याच्यावरचा शेवटचा कोर्स चेक पायलटचा होता. नव्या यंत्रात चुकोबांना जागा नव्हती, ते ज्या विमानाचं होतं ते त्यांनी कधी उडवलंच नव्हतं.

कोर्सला चार जण आले. त्यात एक कॅप्टनबाई होत्या, कानशिलांवर थोडे पांढरे केस, चाल एकदम ताठ. चुकोबांना बघितलं आणि धावतच आल्या. "सर! तुम्ही इथे? ओळखलंत का?"

"ओळखलं की," चुकोबा म्हणाले. "अजून तशीच पाठ ताठ करून चालतेस, पोरी."

आणि माझ्याकडे बघून त्यांनी अशी काही मान हलवली, की मला कळलं. हीच ती. आणि हिला काही सांगायचं नाही. माझ्या तोंडाला कुलूप लावणं म्हणजे काय असतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. पण मी आठवडाभर लावलं.

शेवटच्या दिवशी दुपारी कॅप्टनबाईंची परीक्षा होती. परीक्षक त्या, उमेदवार चुकोबा, आणि कॅप्टनबाई बरोबर पारखतात की नाही हे बघायला मी. प्रत्येक धावपट्टीसाठी एक उंची ठरलेली असते. तिथवर ढगातून खाली यायचं. दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर निमूट वर चढायचं. मधलं काही नाही. त्या उंचीला आम्ही मिनिमम म्हणतो, आणि तिथे पोचलं की यंत्रही तोच शब्द बोलतं. ठरलं होतं ते असं, की चुकोबा दिवे न दिसताही खाली जात राहतील.

ढग दाट. यंत्र बोललं, "मिनिमम." विमान खालीच. आणि माझ्या शेजारी कॅप्टनबाई खाकरल्या.

मी बटण दाबून खोली थांबवली. चुकोबा खुर्चीत वळले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"कोणाला वाचवलंस?" ते म्हणाले. "मला? मी खोलीत बसलोय. मागे माणसं असतील त्या दिवशी काय करशील?"

"सर, तुम्हाला मी..." 

"मी सर नाही. मी उमेदवार आहे, आणि वाईट आहे."

पुन्हा केलं. पुन्हा मिनिमम, पुन्हा ते खाली गेले. या वेळी कॅप्टनबाई ओठ आवळून गप्प बसल्या. खोली हादरून थांबली तेव्हा त्यांनी परीक्षेच्या कागदावर 'नापास' लिहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांनी शिकवलं त्यांनाच नापास करायचं म्हणजे काय होतं, ते लांबून कळत नाही. चुकोबा मात्र खूश. "झाली बघा चेक पायलट," मला म्हणाले.

वेळ शिल्लक होता. आणि माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. त्या दोघांच्यामध्ये उभी राहून मी सगळं सांगून टाकलं, ती संध्याकाळ, ते ढग, दुसऱ्या दिवशीचे डॉक्टर. चुकोबा "अहो, मास्तरीणबाई" म्हणत राहिले. मी थांबले नाही. उद्या ही खोली स्क्रूंच्या पिशव्या होऊन जाणार होती. आता नाही तर कधी?

कॅप्टनबाई उठल्या. पुढे गेल्या, उजव्या खुर्चीत बसल्या, पट्टे बांधले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मागचं मी उतरवलं होतं, सर," त्या म्हणाल्या. "हे तुमचं."

चुकोबांनी आपले पट्टे पुन्हा आवळले. मग म्हणाले, "ढग तेव्हासारखेच ठेवा. फुकटचं नको." यंत्रात ढग थोडे लहरी ठेवता येतात, कुठे विरळ, कुठे दाट, आपल्यालाही आधी कळत नाही. त्यांनी तसेच मागितले. मी तसेच दिले. आमच्या गावची धावपट्टी लावली.

आणि मग मी ते बघितलं. इतक्या वर्षांत प्रथमच हा माणूस उडवताना पाहिला. काटे जागचे हलत नव्हते. हाताची एवढीशी हालचाल, भाकरीचं पीठ मऊ आहे का बघावं इतकी. वेग तोच, रेघ तीच. कॅप्टनबाई उंची सांगत होत्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा त्या संध्याकाळच्या नव्या मुलीचा झाला होता. मला वाटलं, हे सगळं ह्या हातांत होतं आणि आम्ही ह्यांना रोज चुकायला लावत होतो. मला फार वाईट वाटलं.

उंची कमी होत आली. काचेबाहेर पांढरं. अजून पांढरं. माझं बोट ढगाच्या बटणावर गेलं. एकदा दाबलं की आभाळ मोकळं, दिवे समोर. त्यांना कळलंही नसतं.

"मिनिमम," यंत्र बोललं.

"दिवे नाहीत," चुकोबा म्हणाले. "वर चाललो." आणि इंजिनं गरजली, नाक उचललं गेलं आणि आम्ही चढायला लागलो. एका श्वासाचाही उशीर नाही. माझं बोट बटणावर तसंच राहिलं.

वर आल्यावर मी खोली तिथेच थांबवली, तेव्हा त्यांनी न वळताच विचारलं, "बोट बटणावर होतं ना?"

"होतं."

"म्हणजे खाकरणारच होतात."

मी म्हटलं, "चुकोबा, पुन्हा करू. ढग वर करते. वेळ आहे." कॅप्टनबाईही म्हणाल्या, "सर, एकदा." चुकोबांनी हात सुकाणूवरून काढले, एकेक करून गुडघ्यांवर ठेवले आणि मान हलवली. "मागून घेतलेलं लँडिंग नको पोरी. हे बरोबर झालं. याच्यापुढे करत बसलो तर खेळ होईल." मग पट्टे सोडताना त्यांना बक्कल सापडेना. कॅप्टनबाईंनी सोडून दिलं.

पूल ओलांडताना त्यांनी खोलीच्या दाराला हात लावला. मी त्यांच्यावरच खेकसले, की जरा भरभर चला, वाटेत गर्दी लागेल.

वहिनींनी दार उघडलं. आजचा शेवटचा दिवस हे त्यांना माहीत होतं, पण विचारलं नेहमीचंच. "आज काय काय चुकलं?"

ते बूट काढायला स्टुलावर बसले. एक बूट काढला आणि तो हातातच राहिला.

"काहीच नाही," ते म्हणाले. "आज काही चुकलं नाही. आपल्या धावपट्टीवर आलो होतो."

वहिनींचा हात दाराच्या कडीवरच थांबला. "उतरलात?"

"नाही. दिवे दिसले नाहीत. वर गेलो परत."

मी उंबऱ्यातच उभी होते. जावं की थांबावं कळेना. वहिनींनी त्यांच्या हातातला बूट घेतला, खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"म्हणजे अजून वरच आहात," त्या म्हणाल्या.

"हो गं," चुकोबा म्हणाले, आणि मग ते रडले.