विहिरीवर ड्रम धुवायचा नाही

दापोडीतली आमच्या वस्तीची विहीर वस्तीनेच खणली होती. कारखान्यातली पहिली पाळी संपवून आलेली माणसं उजेड असेपर्यंत खणत. गावाकडे त्यांना विहिरीला हात लावू देत नव्हते. इथे त्यांनी कोणाला विचारलं नाही.

सत्तर सालानंतर कंपन्यांतले रिकामे पत्र्याचे ड्रम वस्तीत येऊ लागले. काहींत आधी यंत्राचं तेल असे, काहींत रसायन. पाणी साठवायला ते घरोघरी हवे असत. विहिरीशेजारच्या फरशीवर ड्रम आडवा करून सोडा आणि वाळूने घासायचा, ही रीतच पडली. तेलकट पाणी तिथेच जिरे. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. मी पिंपरीत फिटर होतो.

एका रविवारी मी माझा ड्रम सायकलला बांधून विहिरीवर नेला. आई फरशीवर बसली होती. आदल्या दिवशी तिला घागरीत तेलाचा तवंग दिसला होता.

"हितं न्हाई धुवायचा."

"आई, सगळेच धुतात."

"सगळ्यांनाच सांगनार हाय. पयला तू."

माझ्यामागे शेजारचे काका ड्रम घेऊन उभे होते. "वहिनी, विहीर तुमच्या नावावर हाय का?"

"न्हाई. अजून जल्माला न आलेल्या पोरांच्या नावावर हाय. त्यांना इचारून या, मग धुवा."

"म्हंजी तवर आमी बिनड्रमाचं ऱ्हायचं व्हय?"

"तेल कंपनीचं हाय ना? कंपनीत धुवा."

काका पुटपुटत परतले. आई दुपारपर्यंत उठली नाही. पुढचे रविवारही ती तिथेच बसली. फरशीवर पुन्हा ड्रम आला नाही.

त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी तिला सांगितलं, कंपनीचं गटारही शेवटी पवनेलाच मिळतं.

"मग थितं तू बस," ती म्हणाली.

सोमवारी ड्रम परत नेला. कंपनीच्या आवारात घासला आणि तेलकट पाणी डब्यात भरून ठेवलं. सुपरवायझर आला. "गटार कशाला आहे, राव? ओत."

"ते नदीला जातं."

"मग?"

"नदीच्या खालच्या अंगाला आम्ही राहतो."

"ओतायचं नसेल तर ड्रम मिळणार नाही."

मी ओतलं नाही. ड्रम आणि भरलेला डबा त्याच्या टेबलाशेजारी ठेवला आणि कामावर गेलो. आमच्या घरी पुढेही पाणी मातीच्या रांजणातच राहिलं.